आपला काळा दगड आणि समुद्रतळाची खसखस

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेली अडखळ काढली आहे, बाकी जसंच्या तसं. मागच्या वेळी बऱ्याच जणांनी लिहिलं होतं की ऐकताना शास्त्रीय नावं डोक्यावरून जातात, म्हणून नावं इथे नीट लिहिली आहेत.)



आज एका जीवाबद्दल बोलायचंय. याला डोकं नाही, पोट नाही, पाय नाहीत. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी. पण ही पेशी स्वतःभोवती चुन्याचं घर बांधते. एक खोली बांधली, मोठी झाली की दुसरी, मग तिसरी. कोणाच्या खोल्या गोगलगाईसारख्या वळत जातात, कोणाच्या वेणीसारख्या दोन-दोन, आणि काहींचं घर तर हुबेहूब मक्याच्या लाहीसारखं दिसतं. आकार? बहुतेकांचा खसखशीच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. नाव फोरॅमिनिफेरा. आपण लाडाने फोरॅम म्हणू.

आता तुम्ही म्हणाल, जळगावात बसून हा समुद्रातल्या खसखशीचं काय घेऊन बसलाय? इथून समुद्र तीनशे किलोमीटर लांब. आपल्याला माहीत असलेलं पाणी म्हणजे तापी, गिरणा, पांझरा, आणि उन्हाळ्यात टँकर. बरोबर आहे. पण डायनासोर मेले त्या महाविनाशाचा खटला गेली चाळीसहून जास्त वर्षं चालू आहे. त्यात दोन आरोपी आहेत. एक आकाशातून आलेला, आणि दुसरा आपल्या घराखालचा काळा दगड. आणि या खटल्यातला सगळ्यात भरवशाचा साक्षीदार आहे ही खसखस. म्हणून हा विषय आपला.

आधी आरोपी नंबर दोनची ओळख करून घेऊ, कारण तो ओळखीचाच आहे. विहीर खणताना मुरूम संपला की जो लागतो तो. क्रशरवर ज्याची गिट्टी होते तो. अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली तोही हाच. बसाल्ट. हा सगळा थिजलेला लाव्हा आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वाहत राहिला. डोंगराच्या टोकातून फवारा उडाला वगैरे सिनेमातलं दृश्य डोळ्यासमोर आणू नका. लांबच लांब भेगा, आणि त्यातून उतू जाणारं दूध. एक थर, मग काही शतकं किंवा हजारो वर्षं शांतता, वर माती, झाडं, तळी, आणि पुन्हा पुढचा थर. आज उरलाय तो भागच जवळपास ५ लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीत याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. जगात याला दख्खनचे ट्रॅप म्हणतात.

ज्या भेगांतून हा लाव्हा वर आला, त्या बघायला कुठे जायचं? धुळ्याला. खरंच सांगतो. धुळ्याहून साक्री किंवा दोंडाईचाकडे गाडी काढा आणि खिडकीतून बघत राहा. सपाट रानात मधेच एखादी काळी, अरुंद, सरळसोट टेकडी दिसते, जणू कोणी किल्ल्याचा तट बांधायला घेतला आणि सोडून दिला. याला भूशास्त्रात डाइक म्हणतात. भेगेतला लाव्हा भेगेतच थिजला, आजूबाजूचा खडक झिजून गेला आणि भिंत उभी राहिली. नंदुरबार-धुळे पट्ट्यात अशा दोनशेहून जास्त भिंतींची नोंद झाली आहे. काही तर डोळ्याला संपत नाहीत इतक्या लांब. पूर्व-पश्चिम धावतात बहुतेक, साधारण तापीच्या दिशेनेच.

ज्यांची शेती आहे त्यांना या भिंतींचा दुसरा गुण माहीत असेल. माझ्या मामाचं शेत साक्री तालुक्यात आहे. मामाच्या विहिरीला मार्चपर्यंत पाणी, आणि भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्याची विहीर दिवाळीलाच खडखडीत. अंतर किती? हाक मारली तर ऐकू जाईल इतकं. पाणाड्या येतो, नारळ हातात धरतो, काहीबाही सांगतो. खरी गोष्ट अशी की अखंड डाइक जमिनीखाली बांधासारखी पाणी अडवते, आणि तिला तडे असतील तर तीच पाण्याची वाट होते. म्हणजे डायनासोरच्या काळातली भेग आजही ठरवते की कोणाचा कांदा जगणार. मला हे भारी वाटतं.

असो. खटल्याकडे येऊ.

आरोपी नंबर एक तुम्हाला माहीत आहे. मेक्सिकोत चिकशुलुब इथे आदळलेला, साधारण १० किलोमीटर रुंदीचा लघुग्रह. पण तो आदळला हे कळलं कसं, त्याची सुरुवात फोरॅमपासून झाली हे फार कमी जणांना माहीत असतं. इटलीत गुब्बिओ नावाचं गाव आहे. तिथला चुनखडी खडक म्हणजे जुना समुद्रतळ, थरावर थर. त्यात एका ठिकाणी बोटभर जाडीचा मातीचा थर आहे. खालच्या चुनखडीत भिंगातून बघितलं तर मोठमोठे, नक्षीदार फोरॅम. वरच्या चुनखडीत? जवळजवळ काहीच नाही, चार-दोन बारीक ठिपके. भूशास्त्रज्ञ वॉल्टर अल्वारेझला हा फरक छळत राहिला. मधल्या मातीचा थर बनायला किती वेळ लागला असेल? त्याने वडिलांना विचारलं. वडील लुईस अल्वारेझ हे नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ. दोघांनी फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांच्यासोबत ती माती तपासली. त्यात इरिडियम सापडलं, पृथ्वीच्या वरच्या थरात इतकं सापडायला नको तितकं. १९८० मध्ये त्यांनी जाहीर केलं की हा अवकाशातून आलेला माल आहे. चिकशुलुबचं विवर त्याच्याशी जोडलं गेलं ते १९९१ मध्ये.

पण एक अडचण राहिलीच. दख्खनचा लाव्हा पण नेमका त्याच काळातला. आता चोरी झाली त्या रात्री दोन सराईत चोर त्याच गल्लीत फिरत होते म्हटल्यावर पोलिस काय करणार? दोघांनाही आत घेणार.

इथे आपला साक्षीदार उभा करू. आणि आधी हे सांगतो की आपल्या काळ्या दगडात फोरॅम सापडत नाही. लाव्हात काय टिकणार? तो सापडतो समुद्राच्या गाळात. फोरॅम मेला की कवच तळाशी पडतं. खोल समुद्रात हा गाळ हजार वर्षांत एखाद-दोन सेंटिमीटर साचतो. जहाजातून नळी खाली सोडून तो गाळ लांबच्या लांब दांड्यासारखा वर काढतात. दांड्याचं खालचं टोक जुनं, वरचं नवं. मग एकेक सेंटिमीटर कापायचा, धुवायचा, चाळायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बारीक ओल्या ब्रशने एकेक दाणा उचलायचा. तांदूळ निवडण्यासारखंच काम, फक्त खडे फेकायच्या ऐवजी खडेच ठेवायचे.

फोरॅम दोन प्रकारचे, हे लक्षात ठेवा, पुढे सगळं यावर आहे. काही जाती पाण्यात वर तरंगतात, उजेडाच्या जवळ. बाकीच्या तळाशी राहतात, गाळावर किंवा गाळाच्या आत, काही तर चार-पाच किलोमीटर खोल, जिथे मिट्ट काळोख आणि फ्रिजमधल्यासारखं थंड पाणी. तिथे काही उगवत नाही. वरून जे मेलेलं, खाल्लेलं, हगलेलं पडतं त्यावर यांचं पोट. शास्त्रज्ञ त्याला समुद्री बर्फ म्हणतात. मी उष्टं म्हणतो. वरच्यांच्या पंगतीचं उष्टं.

आणि कवचात सगळी नोंद राहते. पाण्यात ऑक्सिजनचे हलके आणि जड असे दोन्ही अणू असतात. पाणी थंड असेल तर कवचात जड ऑक्सिजन थोडा जास्त जातो, कोमट असेल तर कमी. म्हणजे मेलेल्या फोरॅमचं कवच मोजलं की तो जगत होता तेव्हा तळाचं पाणी किती गार होतं ते कळतं. थर्मामीटर ठेवून गेलाय पठ्ठ्या. तसंच कार्बन मोजून वरून किती उष्टं खाली येत होतं याचा अंदाज येतो, आणि बोरॉन मोजून पाणी किती आंबट होतं ते.

आता महाविनाशाच्या आधीचा समुद्र बघू. वर शिंगांसारखी वळलेली अमोनाइट होती, मगरीसारखे प्रचंड मोसासॉर होते, उथळ पाण्यात रुडिस्ट नावाचे शिंपले प्रवाळासारखे ढीग रचून राहत होते. वर तरंगणाऱ्या फोरॅमचा तर सुवर्णकाळ, खूप जाती, मोठी, नक्षीदार कवचं. तळाशी संथ, जुन्या वळणाची वस्ती. त्यातली दोन नावं लिहून ठेवा, स्टेन्सिओइना बेक्कॅरीफॉर्मिस आणि नटॅलाइडीस ट्रुएम्पी. आणि भारत? भारत तेव्हा एकटा, हिंदी महासागरात, विषुववृत्ताच्या खाली. म्हणजे त्या वेळी आपलं खानदेश दक्षिण गोलार्धात होतं. डिसेंबरात उन्हाळा.

लघुग्रह यायच्या सुमारे तीन लाख वर्षं आधी तळाच्या फोरॅमच्या कवचांत काहीतरी बदलतं. दक्षिण अटलांटिकमधून काढलेल्या गाळात हे फार स्वच्छ दिसतं. तळाचं पाणी अडीच ते चार अंश तापलं. चार किलोमीटर खोल पाणी चार अंश तापवायचं म्हणजे काय खायची गोष्ट नाही. कोण तापवत होतं? वेळ जुळते ती आपल्या लाव्हाच्या सुरुवातीच्या टप्प्याशी. भेगांतून लाव्हाबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता, हवेत साचत होता, आणि त्याची धग इथून हजारो किलोमीटर लांब, मिट्ट काळोखातल्या एका खसखशीच्या कवचावर लिहिली जात होती.

पण मग काय झालं? तापमान हळूहळू खाली आलं. लघुग्रह यायच्या आधीच. तळाची वस्ती थोडी इकडची तिकडे झाली, पण संपली नाही. वरच्यांचंही दुकान बंद झालं नाही.

मग तो दिवस. गाळाच्या दांड्यात तो बोटभर थर. त्याच्या वर, तरंगणाऱ्या फोरॅमच्या दहातल्या नऊहून जास्त जाती गायब. उरलं कोण? ग्वेम्बेलिट्रिया नावाचा एक बारकुला, तीन-तीन खोल्यांची गुंडाळी करणारा, एरवी कोणी विचारत नसलेला फोरॅम. तो मात्र सगळीकडे माजला. उकिरड्यावर रुईचं झाड माजतं तसा. नेदरलँड्समध्ये गोयलहेमरबर्गच्या गुहेत या काळाचा गाळ चांगला टिकलाय. तिथल्या कवचांतला बोरॉन मोजून २०१९ मध्ये दाखवण्यात आलं की आघातानंतर लगेच समुद्राच्या पाण्याचा पीएच सुमारे पाव अंकाने घसरला, आणि त्याच्या आधी मात्र अशी घसरण नव्हती. पाव अंक ऐकायला किरकोळ वाटतो, पण हे माप पट्टीचं आहे, एक अंक म्हणजे दहा पट. चुन्याचं घर बांधणाऱ्याला पाव अंक खूप झाला.

आणि आता ज्याच्यासाठी मी हा भाग केला ती गोष्ट. तळाशी काय झालं?

तळाशी बहुतेक सगळे वाचले.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं. वरचा समुद्र ओस पडला, सूर्य झाकला गेला, अन्नसाखळी मोडली. ज्यांचं पोटच वरच्या उष्ट्यावर, ते आधी मरायला हवेत ना? गावात पंगतच उठली नाही तर उष्टं कुठून येणार? पण स्टेन्सिओइना होता तसा पुढच्या थरात हजर. नटॅलाइडीस हजर. कार्बन मोजला तर दिसतं की वर आणि खाली असा जो नेहमीचा फरक असतो तो जवळजवळ पुसला गेला होता. त्यामुळे आधी वाटायचं की समुद्र अक्षरशः मेला होता, वरून खाली काही पडतच नव्हतं. मग हे खालचे काय खात होते? यावरून तो विचार बदलावा लागला. वर काहीतरी नक्कीच उगवत होतं, अगदी बारीक शेवाळं, जीवाणू. पंगत मोठी राहिली नाही, पण चूल पूर्ण विझलीही नव्हती. मोठं कवच, मोठी विष्ठा खाली लवकर पडते, बारीक कण वरच्या वरच संपतात. म्हणून खाली कमी पोहोचत होतं. खालचे कमी खाऊन जगले. त्यांना सवय होतीच म्हणा. उपाशी राहणं हा त्यांचा रोजचा धंदा.

शिवाय एवढ्या खोल पाण्याला आम्लाचा तो पहिला तडाखा वरच्यासारखा बसला नाही. आघात क्षणाचा, आणि महासागर वरपासून तळापर्यंत ढवळायला हजारेक वर्षं लागतात.

आता आपल्या दगडाचं काय? सुटला का? इथे माणसं अजून भांडतायत, आणि भांडण चांगल्या दर्जाचं आहे. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या गेर्टा केलर यांनी आयुष्यभर सांगितलं की खरा गुन्हेगार दख्खन. त्यांचा पुरावा कुठून आलाय बघा. आपला लाव्हा इतका वाहिला की तो पार आंध्रात राजमहेंद्रीपर्यंत, आजच्या बंगालच्या उपसागराच्या काठापर्यंत गेला, असं मानतात. हजार किलोमीटरचा लाव्हा! तिथे ओएनजीसीने तेलासाठी बोअर मारले होते. त्या बोअरमध्ये लाव्हाचे थर, आणि दोन थरांच्या मधे समुद्राचा गाळ, आणि गाळात फोरॅम. म्हणजे आरोपी आणि साक्षीदार एकाच बोअरमध्ये. केलर यांच्या मते पहिला मोठा लाव्हा आल्यावरच तरंगणाऱ्या जाती निम्म्यावर आल्या होत्या. दुसऱ्या बाजूला २०१९ मध्ये एकाच वेळी दोन गटांनी दख्खनच्या थरांची वयं नव्याने मोजली. एका गटाने सांगितलं की मोठा उद्रेक आघाताच्या काही दशहजार वर्षं आधी सुरू झाला. दुसऱ्याने सांगितलं की जवळपास तीन चतुर्थांश लाव्हा आघातानंतर आला. दोन्ही प्रामाणिक मोजमापं, आणि एकमेकांशी न जुळणारी.

माझं मत विचाराल तर मी तळाच्या फोरॅमच्या बाजूने. लाव्हाने समुद्र तापवला, हे कवचात लिहिलंय. पण त्या तापण्यातून समुद्र सावरला, हेही कवचात लिहिलंय. मारलं दगडाने, पण वरून आलेल्या. आपल्या दगडाने फार तर आधी दमवलं, आणि नंतर लवकर उठू दिलं नाही.

एक गोष्ट मधेच सांगायची राहिली, आणि ती तापीची आहे. छिंदवाड्याजवळ झिलमिली नावाचं ठिकाण आहे, मध्य प्रदेशात, नागपूरच्या वर. तिथे लाव्हाच्या दोन थरांच्या मधे काही मीटर गाळ आहे. बरंचसं गोड्या पाण्याचं, तळ्यातलं. पण मधल्या थोड्या भागात केलर, सुनील बाजपेयी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तरंगणारे सागरी फोरॅम सापडले, महाविनाशानंतर लगेचच्या काळातले. २००९ मध्ये त्यांनी ते छापलं. समुद्र तिथून किती लांब? शेकडो किलोमीटर. मग फोरॅम आला कुठून? त्यांचं म्हणणं असं की नर्मदा आणि तापीच्या खचलेल्या दऱ्यांतून समुद्राचा एक फाटा आत घुसला होता. तापीची दरी म्हणजे कोण? भुसावळ, जळगाव, अमळनेर, शिरपूर. आपण! सगळ्यांना हे पटलेलं नाही, त्या फोरॅमवर आणि त्यांच्या अर्थावर वाद आहे. पण विचार करून बघा. सुरत-भुसावळ पॅसेंजर ज्या रस्त्याने येते, त्याच रस्त्याने कधीकाळी भरतीचं पाणी आलं असेल.

आणि त्याच तापीच्या खालच्या टोकाला, सुरत-भरूच भागात, याच काळ्या दगडाच्या वर चुनखडी आहे आणि त्यात न्युम्युलाइट नावाचे फोरॅम आहेत. ते खसखस नव्हेत, नाण्याएवढे. नुसत्या डोळ्याला दिसतात. इजिप्तच्या पिरॅमिडच्या दगडातही त्यांचे भाऊबंद आहेत. तिथे कसलाच वाद नाही, लाव्हा थंड झाला आणि नंतर उथळ समुद्र त्याच्यावर चढला. सातपुड्याच्या पलीकडे, धार जिल्ह्यात बाघला तर लाव्हाच्या खालीही समुद्र आहे, त्याहून अडीच कोटी वर्षं जुना, शिंपले आणि शार्कच्या दातांसकट. म्हणजे शिरपूरहून सेंधवा घाट चढून पुढे गेलं की लाव्हाच्या आधीचा समुद्र, आणि रेल्वेने सुरतला गेलं की नंतरचा. मधे आपण, काळ्या दगडावर, भरीत-भाकरी खात.

आता शेवटचा भाग, आणि हा मला जास्त टोचतो.

लघुग्रहाला पुरून उरलेले ते तळाचे फोरॅम. आठवतोय ना स्टेन्सिओइना? तो पुढे एक कोटी वर्षं आरामात जगला. आणि मग ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो मेला. त्याच्यासोबत खोल समुद्राच्या तळातल्या फोरॅमच्या तीस ते पन्नास टक्के जाती गेल्या. आकाशातून काहीही पडलं नाही. काही हजार वर्षांत हवेत प्रचंड कार्बन आला, पृथ्वी पाच-सहा अंश तापली, तळाचं पाणी तापलं, आंबट झालं, त्यात प्राणवायू कमी झाला. वर तरंगणाऱ्यांचं तेव्हा फारसं बिघडलं नाही, ते ध्रुवांकडे सरकले. मेले ते खालचे. म्हणजे जे क्षणाच्या आघाताला मेले नाहीत, ते हळूहळू शिजण्याला मेले. त्यांना उपाशी राहता येत होतं. गरम, आंबट पाण्यात राहता येत नव्हतं, आणि त्याहून खाली जायला जागाच नव्हती.

त्या वेळी कार्बन किती वेगाने सुटला याचाही हिशेब समुद्राच्या गाळावरूनच काढलाय. २०१६ मधल्या एका अभ्यासात तो वेग वर्षाला जास्तीत जास्त एक अब्ज टनाच्या आसपास निघाला. आज आपण माणसं वर्षाला सुमारे दहा अब्ज टन कार्बन सोडतो. दहा पट.

मी हे मे महिन्यात वाचत होतो. बाहेर ४५ च्या पुढे पारा. रावेरकडच्या एका मित्राने बागेचा व्हिडिओ पाठवला होता, केळीचे घड उन्हाने काळे पडलेले, झाडं मधूनच मोडलेली, आणि तो मागून फक्त एवढंच म्हणतोय, बघ, काय शे हे. मी त्याला फोरॅमबद्दल काही लिहिलं नाही. काय लिहिणार? पण डोक्यात तो तळ होता. बागेला निदान हिरवी जाळी बांधता येते, पाणी देता येतं. तो आता पुढच्या वर्षी कांदेबाग लावायची की मृगबाग याचा विचार करतोय. चार किलोमीटर खालच्याला लागवडीची तारीख बदलता येत नाही.

बरं, आता काही जण विचारतील की हे शिकायचं कुठे, याला नोकरी आहे का. आहे. तेल शोधणाऱ्या कंपन्यांना थराचं वय फोरॅमवरून कळतं, म्हणून ओएनजीसीत सूक्ष्मजीवाश्म बघणारी माणसं लागतात. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथे फोरॅमवर वर्षानुवर्षं काम चाललंय, जुन्या मान्सूनचा माग काढण्यापर्यंत. भूशास्त्र घेऊन बी.एस्सी., एम.एस्सी. करा, आणि डोळे व पाठ शाबूत ठेवा, कारण सूक्ष्मदर्शकावर वाकून बसायचं काम आहे.

आणि ज्यांना नुसतं बघायचंय त्यांच्यासाठी. पुढच्या वेळी कोकणात किंवा गोव्याला जाल, आणि जळगाव-धुळ्याची पोरं दर डिसेंबरला जातातच, तेव्हा ओहोटीनंतर पाण्याच्या रेषेजवळची बारीक वाळू मूठभर पिशवीत घाला. घरी आणून साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, गढूळ पाणी ओतून द्या, वाळू उन्हात वाळवा. काळ्या कागदावर चिमूटभर पसरा. फोनला लावायचं मॅक्रो भिंग मिळतं, ते लावा, किंवा सोनाराचं दहा पटीचं भिंग असेल तर ते फोनच्या कॅमेऱ्यापुढे धरा. बरेचसे दाणे काचेसारखे किंवा काळे असतील, ती वाळू. शिंपल्यांचे तुकडे असतील, वेडेवाकडे. त्यांच्यात एखादा पांढरा, गोल, खोल्या-खोल्यांचा, गोगलगाईसारखा वळलेला दाणा शोधा. घाई करू नका, मला पहिला सापडायला पाऊण तास लागला होता. आपल्या किनाऱ्यावर बहुतेक वेळा अमोनिया नावाचा सापडेल. सापडला की फोटो पाठवा, खाली पत्ता दिलाय. कोणत्या किनाऱ्यावरची वाळू ते मात्र लिहा, नाहीतर त्या फोटोचा काही उपयोग नाही.

पुढच्या भागात जळगावच्या हिरव्या अपोफिलाइटबद्दल बोलू, जो आपल्याच विहिरी-खदानींतून निघतो आणि परदेशात शोकेसमध्ये जाऊन बसतो. तोपर्यंत राम राम.